कीटकांच्या चेतासंस्थेतील सेरोटोनिन व त्याच्या अपघटनज पदार्थांचे मापन

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत उतरले. एरवी एकाकी राहणारा हा कीटक थवा करू लागतो त्यामागे सेरोटोनिन हे चेतारसायन असते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. गर्दीत ठेवलेल्या टोळाच्या वक्षीय चेतागुच्छिकांत ते अवघ्या दोन तासांत वाढते. केवळ मेंदू तपासला असता, तर हा बदल निसटण्याचा संभव होता.

मापनासाठी ऊती थंड पर्क्लोरिक आम्लात एकजीव करतात. त्यामुळे प्रथिने तळाशी बसतात व विकरांची क्रिया थांबते. वरचा निवळ द्रव उच्च कार्यक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून सोडला जातो आणि विद्युत्-रासायनिक शोधक प्रत्येक घटकाच्या ऑक्सिडीकरणाचा प्रवाह नोंदवतो.

खरी मेख अपघटनज पदार्थाच्या निवडीत आहे. सस्तन प्राण्यांत मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकरामुळे ५-हायड्रॉक्सिइंडोल ॲसिटिक आम्ल तयार होते व त्याचे सेरोटोनिनशी असलेले गुणोत्तर हे उलाढालीचे माप मानले जाते. कीटकांत या विकराची क्रिया क्षीण असून तेथे प्रामुख्याने एन-ॲसिटिल सेरोटोनिन तयार होते. उंदरासाठी बसवलेली पद्धत टोळाला जशीच्या तशी लावल्यास आम्लाचे शिखर जेमतेम दिसते आणि उलाढाल मंद असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. वास्तविक एन-ॲसिटिल सेरोटोनिनमधील हायड्रॉक्सिल गट शाबूत असल्याने तोच शोधक त्यालाही टिपू शकतो. मात्र त्याचे प्रमाणित द्रावण सोबत चालवावे लागते.