आपले नाट्यगृह : परिसर अभ्यासाचा एक पाठ



परिसर अभ्यासात आपण मुलांना पोस्ट ऑफिस, दवाखाना, अग्निशमन केंद्र शिकवतो. त्या यादीत नाट्यगृह सहसा नसतं. ते का हवं, हे आज पाहू.

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली. पण शहराला पालिकेचं मोठं नाट्यगृह मिळायला २०२२ उजाडलं. तोवर नाटक बघायचं म्हणजे बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, नाहीतर ठाण्याचं गडकरी रंगायतन. रात्री लहान मुलांना घेऊन एवढ्या लांबून परतायचं, म्हणून कितीतरी घरांत नाटकाचा बेतच होत नसे.

दहिसर चेकनाक्याजवळच्या या नाट्यगृहाला भारतरत्न लता मंगेशकर यांचं नाव आहे. मुलांना हेही सांगा, की दीदींचे वडील मास्टर दीनानाथ यांची ‘बळवंत संगीत मंडळी’ ही नाटक कंपनी होती. दीदी लहानपणी नाटकाच्याच घरात वाढल्या.

नाट्यगृहातून मुलांना काय मिळतं?

१. जिवंत भाषा : आपल्या शहरात उत्तनच्या कोळीवाड्यापासून गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय कुटुंबांपर्यंत सगळे राहतात. वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी मराठी बोललीच जात नाही. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण सक्तीने फार तर मार्क मिळतील. रुसणं, चिडवणं, समजूत काढणं मराठीत कसं असतं, ते रंगमंचावर ऐकू येतं. शब्द अडला तरी हावभावावरून अर्थ कळतो.

२. श्रवण : तिसरी घंटा झाली, की मोबाईल बंद. इथे मागे नेऊन पुन्हा बघता येत नाही. म्हणून मूल कान देऊन ऐकतं.

३. कामांची ओळख : नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, ध्वनी, तिकीट खिडकी. एका प्रयोगामागे किती हात असतात, ते समजतं.

तिकिटाचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, हे खरंच. मग व्यवस्थापनाची परवानगी काढून दिवसा वर्गाची क्षेत्रभेट ठेवा. रिकामा रंगमंच, विंग, मेकअप रूम बघूनही मुलं हरखतात. पालकांनी सुट्टीत निदान एक बालनाट्य दाखवावं.

उपक्रम : परत आल्यावर मुलांना विचारा, “पडद्यामागचं कोणतं काम तुला आवडेल? का?” उत्तर पाच वाक्यांत लिहून घ्या. मग पाठातला एखादा संवाद वर्गातच सादर करायला सांगा. एरवी गप्प बसणाऱ्या मुलाला आधी संधी द्या.

इमारत उभी राहिली. तिथे प्रेक्षक आणायचं काम मात्र आपलं आहे.