उपयुक्त आंत्रजीवाणूंची उष्णतासहनशीलता : जनुकीय आधार

मानवी आतड्यातील लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम हे उपयुक्त जीवाणू सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानात राहतात. त्यांची खरी कसोटी शरीराबाहेर लागते. प्रोबायोटिक भुकटी तयार करताना त्यांना काही वेळा गरम हवेत वाळवले जाते. पुढे वाहतुकीत व दुकानात उन्हाळा सोसावा लागतो. सिल्वासा येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी पाकिटातील किती जीवाणू जिवंत राहतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उष्णतेमुळे पेशीतील प्रथिनांच्या घड्या उलगडतात व ती एकमेकांना चिकटतात. ग्रोईएल व डीएनएके ही 'उष्ण-आघात प्रथिने' त्यांना पुन्हा योग्य आकार घेण्यास मदत करतात. ही प्रथिने घडविणारी जनुके उष्णता न सोसणाऱ्या जीवाणूंतही असतात. म्हणून केवळ जनुक असणे पुरेसे नाही. ते किती लवकर व किती प्रमाणात कार्यान्वित होते, यालाही महत्त्व आहे.

लॅक्टोबॅसिलसमध्ये एचआरसीए हे प्रथिन या जनुकांच्या आरंभस्थानाजवळ बसून त्यांना रोखून धरते. त्यासाठी त्याला ग्रोईएलची साथ लागते. तापमान वाढताच ग्रोईएल बिघडलेल्या प्रथिनांच्या दुरुस्तीत गुंतते, एचआरसीए निष्प्रभ होते आणि जनुके कार्यान्वित होतात. दुरुस्ती संपली की ग्रोईएल मोकळे होते व रोध पूर्ववत होतो.

आयर्लंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये लॅक्टोबॅसिलस पॅराकेसीच्या एका वाणास आधी ५२ अंशांवर १५ मिनिटे ठेवले. त्यानंतरच्या तीव्र उष्णतेत व वाळवण्याच्या प्रक्रियेत तो अधिक तगला. २००४ मध्ये त्याच वाणात ग्रोईएलचे प्रमाण जनुकीय तंत्राने वाढवले, तेव्हाही सहनशीलता वाढली.

मात्र वाळलेली पेशी नवी प्रथिने तयार करू शकत नाही. जीवाणूंची ही पूर्वतयारी वाळवण्यापूर्वीच व्हावी लागते. त्यामुळे वेष्टनावर थंड जागी ठेवण्याची सूचना असल्यास ती पाळणे आवश्यक आहे.

महाविद्यालयात विरजणाचे दोन समान भाग घेऊन हा विषय शिकवता येईल. एक भाग थेट ६० अंशांवर, तर दुसरा आधी ५० अंशांवर ठेवून मग ६० अंशांवर सारखाच वेळ तापवावा. दोन्ही कोमट दुधात घालून दही लागण्याची वेळ नोंदवावी. विरजणातील सर्वच जीवाणू आतड्यात टिकत नाहीत. तथापि उष्ण-आघात प्रथिने त्यांच्यातही असतात.