बँक बुडाली, पण नक्की कोणाचं काय बुडालं?

2 सप्टेंबर 2006 रोजी रिझर्व्ह बँकेने साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध लावले. खात्यातून दहा हजारांवर रक्कम काढता येईना. अण्णासाहेब चिरमुले यांनी 1936 साली उभी केलेली ही बँक म्हणजे निम्म्या जिल्ह्याची तिजोरी. 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. त्या महिनाभराबद्दल आजही ऐकू येतं, ‘युनायटेड वेस्टर्न बुडाली तेव्हा लोकांचे पैसे गेले.’

ठेवीदारांचे पैसे गेले नाहीत. ठेवी जशाच्या तशा आयडीबीआयकडे गेल्या आणि पासबुकावरचं नाव तेवढं बदललं. भागधारकांचं तसं झालं नाही. त्यांना शेअरमागे 28 रुपये रोख मिळाले आणि बँकेशी असलेलं नातं संपलं. ज्याने चढ्या भावात घेतले होते त्याला तोटा, ज्याने पडत्या भावात घेतले त्याला कदाचित फायदा. एकाच बँकेत, एकाच महिन्यात दोन माणसांचं वेगळं झालं, कारण ठेवीदाराने बँकेला पैसे उसने दिले होते आणि भागधारकाने बँकेचा तुकडा विकत घेतला होता. देणी भागवताना उसने देणारा आधी उभा राहतो, मालक सगळ्यात शेवटी. नवशिक्याने शेअर, रोखे, मुदत ठेव, डिबेंचर हे शब्द पाठ करण्याआधी प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारावा : यात मी सावकार आहे की मालक?

‘मग ठेव म्हणजे शंभर टक्के सुरक्षित’ हा पुढचा गैरसमज. 7 डिसेंबर 2020 रोजी कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. तिथे विलीनीकरण झालं नाही, म्हणून ठेव विमा महामंडळाचा आधार. त्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, हे नशीबच म्हणायचं. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम या विम्यात बसते, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं होतं. मात्र पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. कराड शाखेत चार लाख आणि त्याच बँकेच्या उंब्रज शाखेत चार लाख ठेवले तर विमा दहाचा होत नाही, पाचाचाच राहतो. आणि पतसंस्थेला हा विमा मुळीच लागू नाही. फलकावर ‘मल्टिस्टेट’ लिहिलं म्हणून पतसंस्थेची बँक होत नाही. अर्धा टक्का जादा व्याजाकडे बघताना हे हमखास विसरलं जातं.

आपल्या भागात शेअर हा शब्द दलाल स्ट्रीटवरून आला नाही, साखर कारखान्यातून आला. ‘आमच्या आज्याचा कारखान्याचा शेअर आहे, शेअरबाजार आम्हाला नवा नाही’ असं वाळवा-कराड पट्ट्यात कोणीही सांगेल. हे दोन शेअर फक्त नावापुरते एक आहेत. सहकारात एक सभासद, एक मत, मग शेअर एक असो की पन्नास. कंपनीत जेवढे शेअर तेवढी मतं. कारखान्याच्या शेअरला बाजारभाव नसतो, आणि सहकार कायद्याने लाभांशावर 15 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. खरा लाभ ऊस नेण्यात, सवलतीच्या साखरेत, आणि निवडणुकीच्या दिवसांत मिळणाऱ्या मानात. त्याला गुंतवणूक म्हणण्यापेक्षा सभासदत्व म्हणणं जास्त खरं.

आता सांगलीकडे येऊ. सांगली बँक 1916 सालची. ती शेअरबाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे तिच्या शेअरचा रोजचा भाव पेपरात बघायची सोय नव्हती. एप्रिल 2007 मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, आणि इथे रोख रकमेऐवजी 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100 शेअर मिळाले. ‘सव्वानऊशेचे शंभरच? लुटलं!’ ही प्रतिक्रिया साहजिक, पण चूक. संख्येला स्वतःची किंमत नसते. सवाल एका शेअरमागे बँकेचा किती हिस्सा उभा आहे, याचा.

हेच शंभर शेअर ज्याने विकले नाहीत त्याला उलटा गैरसमज व्हायची वेळ आली. 2014 च्या अखेरीस दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दोन रुपयांच्या पाच शेअरमध्ये विभागला गेला. शंभराचे पाचशे झाले. 2017 मध्ये दहाला एक बोनस मिळाला आणि साडेपाचशे झाले. पेढे वाटावेत असं काही यात घडलेलं नाही. भाकरीचे चार तुकडे केले की भाकरी मोठी होत नाही. विभाजनाच्या दिवशी भावही त्याच पटीत खाली येतो. त्यानंतर संपत्ती वाढली ती बँकेचा नफा वाढला म्हणून.

दर्शनी किमतीचा घोळ लाभांशात आणखी बघायला मिळतो. 2023-24 या वर्षासाठी याच आयसीआयसीआय बँकेने शेअरमागे दहा रुपये लाभांश दिला. दोन रुपये दर्शनी किमतीवर तो 500 टक्के! मथळा वाचून पाचपट पैसे मिळाले असं वाटतं. आपल्या साडेपाचशे शेअरवाल्याला मिळाले साडेपाच हजार, आणि तेव्हा शेअरचा भाव हजाराच्या वर होता, म्हणजे बाजारभावावर हा परतावा एक टक्क्याच्याही आत. लाभांश नेहमी चालू भावाशी ताडून बघावा. आणि तो व्याजासारखा ठरलेला नसतो, संचालक मंडळाला द्यावासा वाटला तर मिळतो.

म्युच्युअल फंडात हीच चूक एनएव्हीचं, म्हणजे एका युनिटच्या किमतीचं, रूप घेते. ‘दहा रुपयांचा नवा फंड स्वस्त, पाचशेचा महाग.’ पाच हजार रुपये दोन्हीकडे टाका : एकीकडे 500 युनिट, दुसरीकडे 10. दोन्ही फंड दहा टक्के वाढले की दोन्हीकडे साडेपाच हजारच. आणि ‘मी फंडात नाही, एसआयपीत टाकतो’ हेही कानावर येतं. एसआयपी ही फक्त हप्त्याने पैसे भरायची पद्धत, आरडीसारखी. पैसे जातात फंडातच, आणि फंड पडला की एसआयपीवालाही पडतो.

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात आजोबांच्या ट्रंकेत जुनी शेअर प्रमाणपत्रं निघाली तर ती रद्दीत घालू नका, पण लगेच लखपती झालो असंही समजू नका. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर तो लाभांश आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग होतात. तिथून ते परत मागता येतात. आधी कंपनीच्या शेअर निबंधकाकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-5 हा अर्ज ऑनलाइन भरायचा. मूळ धारक हयात नसेल तर वारसाची कागदपत्रं लागतात, आणि शेअर जमा व्हायला डीमॅट खातं लागतं.