आलाप चालला न्यूयॉर्कला

आमच्या सिंधुदुर्गात जत्रा म्हटली की रात्री दशावतार आलाच! या नाटकाची एक गंमत तुम्हांला ठाऊक आहे का? त्यातली भाषणं कुणी लिहून पाठ केलेली नसतात. कथा ठरलेली असते, पण बोलणं मात्र तिथल्या तिथे सुचवायचं. समोरचा राजा काय म्हणाला ते कान देऊन ऐकायचं आणि लगेच उत्तर द्यायचं. चुकलात तर प्रेक्षक समोरच बसलेले!

जॅझ नावाचं संगीत थोडंसं असंच. ते जन्मलं अमेरिकेत, तिथल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये. एक चाल ठरवायची आणि मग तिच्यात आयत्या वेळी सुचेल तशी भर घालत जायचं. 1930 च्या दशकात हे संगीत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागलं. गोव्याच्या कितीतरी वादकांनी ते आपलंसं केलं.

याच मुंबईत 1945 साली आशा पुथली यांचा जन्म झाला. (आशाताई म्हटलं की तुम्हांला भोसलेच आठवणार, पण या वेगळ्या हं!) त्या हिंदुस्थानी शास्त्रीय गाणं शिकल्या, शिवाय पाश्चात्त्य ऑपेराही शिकल्या. रेडिओवर जॅझ ऐकून त्याचीही गोडी लागली. 'दोन डगरींवर हात ठेवू नये' असं आपल्याला मोठी माणसं सांगतात. इथं तर तीन डगरी होत्या!

पण आशाताईंच्या गळ्यात या तिन्ही वाटा एकत्र आल्या. कशा? रागात कोणते सूर घ्यायचे हे ठरलेलं असतं, पण आलाप करताना त्या सुरांतून कसं फिरायचं ते गाणाऱ्याने ठरवायचं. जॅझमध्येही आयत्या वेळी सुचावं लागतं. म्हणजे आलापाची सवय असलेल्या गळ्याला जॅझ काही अगदीच परकं नव्हतं.

परदेशी तर जायचं होतं. आशाताई ब्रिटिश विमान कंपनीत हवाईसुंदरी झाल्या. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कला पोचल्या.

तिथं त्यांची गाठ पडली ऑर्नेट कोलमन यांच्याशी. हे सॅक्सोफोन वाजवायचे. सुरुवातीला महागडं वाद्य परवडेना, म्हणून चक्क प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला! त्यांचं वाजवणं इतकं निराळं होतं की तरुणपणी एकदा लोकांनी त्यांना मारहाण करून त्यांचं वाद्य मोडलं होतं. तरी त्यांनी आपली वाट सोडली नाही. अशा माणसाच्या संगीतात गायचं म्हणजे केवढं धाडस! सूर कुठून कुठे उडी मारेल याचा नेम नाही.

1971 साली, सव्वीस वर्षांच्या आशाताईंनी ते धाडस केलं. कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीसाठी त्यांनी दोन गाणी गायली. कुणा अमेरिकन गायिकेची नक्कल त्यांनी केली नाही. मुंबईत तयार झालेला आपला गळाच तिथं नेला. ही तबकडी 1972 साली निघाली आणि जॅझचे जाणकार आजही ती ऐकतात.

त्यावरही त्या थांबल्या नाहीत. 1973 साली त्यांच्या स्वतःच्या नावाची तबकडी निघाली. 1976 च्या तबकडीत 'स्पेस टॉक' हे नाचायला लावणारं गाणं आलं. एकवीस वर्षांनी, 1997 साली, अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध रॅप गायकाने त्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरला!

मग करायचा एक प्रयोग? पाठ्यपुस्तकातली एखादी कविता घ्या. पहिली ओळ बाईंनी शिकवलेल्या चालीत म्हणा. दुसरी मात्र तुम्हांला सुचेल तशी! मित्राला डब्यावर ठेका धरून तुम्हांला उत्तर द्यायला सांगा. पहिल्यांदा वेडंवाकडं होईल, वर्ग हसेल. हसू दे! पण एक नियम पाळा : दुसऱ्याचं आधी नीट ऐकायचं. दशावतारातल्या राजाला आणि न्यूयॉर्कच्या आशाताईंना, दोघांनाही तो पाळावाच लागतो.