लठ्ठ होण्याच्या गोष्टी

भोपळ्यांत बसून रानांतून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ज्या घरांत मुलांनीं ऐकली नाहीं, असें मराठी घर क्वचितच सांपडेल. वाघ वाट अडवितो. म्हातारी त्याची समजूत घालते, कीं सध्यां ती नुसती हाडांची मोळी आहे. लेकीच्या घरीं खाऊनपिऊन अंग धरील, मग वाघानें तिला खुशाल खावें. मुलांचें लक्ष पुढें उड्या घेत जाणाऱ्या भोपळ्याकडे असतें. परंतु गोष्टीचा कणा या बोलीमध्यें आहे. अंगावर मांस चढावयास दिवस लागतात, आणि दुबळ्याला हवे असतात ते दिवसच. वाघाशीं टक्कर देण्याचें बळ म्हातारीला नाहीं. पण त्याच्या हांवेला मुदत घालून देतां येते. सावकाराच्या मुदतीहून हिचा फरक एवढाच, कीं येथें व्याज ऋणकोच्या अंगावर चढतें!

(कित्येक घराण्यांत लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचें पाणीही घेत नसत. गोष्टींतल्या म्हातारीला हा संकोच दिसत नाहीं. नातवंडें झालीं असावींत.)

ही म्हातारी एकट्या महाराष्ट्राची नव्हे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनीं १९१० सालीं बंगालींत छापलेल्या ‘टुनटुनीर बोई’ या संग्रहांत ती कुबडी आहे व नातीकडे जाते. इराणांतही ती भोपळ्यांत बसून गडगडत परत येते. नॉर्वेच्या लोककथेंत पुलाखालच्या राक्षसाला धाकटा बोकड तीच युक्ति सांगतो, फक्त स्वतःच्या ऐवजीं मागून येणाऱ्या थोरल्याचें मांस पुढें करून. जर्मनींत ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं छापलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेल यांच्या कथेंत हा डाव उलटा आहे. तेथें चेटकीणच मुलाला कोंडून चारते आणि तो पुष्ट झाला कीं नाहीं हें त्याचें बोट चांचपून पाहते. मुलगा बोटाऐवजीं एक हाड पुढें करतो. चेटकिणीची दृष्टि मंद, त्यामुळें महिनाभर निभावतें. या कथेचा आरंभ दुष्काळांत होतो, हें विसरतां कामा नये. घरांत भाकर नाहीं म्हणून टाकलेल्या मुलांना पोटभर खावयास मिळतें, तें मारण्यासाठींच मिळतें.

हीच भीति आपल्याकडील पालि जातककथांत फार पूर्वीं सांगितलेली आहे. मुनिकजातकांत एका डुकराला रोज उत्तम अन्न मिळतें आणि राबणाऱ्या बैलांना गवत. धाकटा बैल हेवा करतो. थोरला त्याला समजावतो, कीं घरांत मुलीचें लग्न ठरलें आहे आणि डुकराचा ताजा देह मेजवानीसाठीं आहे. इसापच्या कोल्ह्याची कथा याच जातीची. झाडाच्या ढोलींत गुराख्यांनीं ठेवलेलें अन्न खाऊन तो इतका फुगतो, कीं आंत शिरलेल्या वाटेनें त्याला बाहेर पडतां येत नाहीं.

ज्या लोकांनीं या कथा रचल्या, त्यांना उपासमार ठाऊक होती. म्हणूनच त्यांच्या मनांत पुष्टता हें एकाच वेळीं सुख आणि संकट होतें. मराठी भाषेनें त्यांतील सुख विशेष जपलें आहे. तान्हें मूल बाळसें धरतें, दुखणाईत अंग धरतो, स्तुति ऐकून अंगावर मूठभर मांस चढतें. ज्या दख्खननें १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाहिला, तेथें असे वाक्प्रचार निर्माण व्हावे यांत नवल तें काय?

पोट भरण्याची चिंता मिटलेल्या समाजांत मात्र कथेचा सूर बदलतो. एच्. जी. वेल्स यांच्या १९०३ सालच्या एका कथेंत लंडनच्या क्लबांतील पायक्राफ्ट नांवाचे लठ्ठ गृहस्थ वजन घटविण्यासाठीं एक हिंदी पाककृति मिळवितात. वजन खरोखरच जातें, लठ्ठपणा तसाच राहतो, आणि ते गृहस्थ फुग्यासारखे छताला जाऊन टेकतात! शेवटीं अंतर्वस्त्रांत शिशाचे पत्रे शिवून त्यांना जमिनीवर आणावें लागतें. चूक औषधाची नाहीं. लठ्ठपणा म्हणावयाची लाज वाटून त्यांनीं वजन हा शब्द वापरला, तिचें हें फळ. वेल्स यांचा विनोद येथें मोठा मार्मिक आहे, कारण तो शरीरावर नसून ढोंगावर आहे.

इंग्रजी कथांतील सर्वच विनोदाविषयीं असें म्हणतां येत नाहीं. ‘मॅग्नेट’ या साप्ताहिकानें १९०८ पासून १९४० पर्यंत बंटर नांवाच्या खादाड शाळकरी मुलावर वाचकांना हंसविलें. तेथें लठ्ठ म्हणजे लबाड व भित्रा हें समीकरण ठरूनच गेलें. अशा गोष्टीचें वाचन वर्गांत चालतें तेव्हां माना कोणत्या बांकाकडे वळतात, हें निराळें सांगावयास नको. डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मध्यें (१८३६–३७) जो नांवाचा लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोंपतो, जेवण वाढतां वाढतां घोरतो. तीन पिढ्यांनीं त्याला आळशी ठरविलें. १९५६ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं एका विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें: अतिलठ्ठपणामुळें श्वास उथळ होतो, रक्तांत प्राणवायु कमी पडतो आणि रोग्याला दिवसाही झोंप अनावर होते. त्यांनीं त्या विकाराला डिकन्सच्या कादंबरीचेंच नांव दिलें. कादंबरीकारानें जें पाहिलें तें अचूक होतें. हंसणाऱ्यांनीं त्याचा जो अर्थ लावला तो चुकीचा होता.

खादाडपणाविषयींही तसेंच घडलें. चरबीच्या पेशी लेप्टिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडून मेंदूला शरीरांतील सांठ्याची वर्दी देतात, असें १९९४ सालीं उंदरांवरील शोधानें कळलें. १९९७ सालीं केंब्रिज येथील संशोधकांना एकाच घराण्यांतील अशीं दोन मुलें आढळलीं, कीं ज्यांच्या शरीरांत हें द्रव्य जन्मापासून तयारच होत नव्हतें. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचें २९. कितीही खाल्लें तरी त्यांच्या मेंदूला दुष्काळच दिसत होता. थोरल्या मुलीला रोज लेप्टिनची सुई टोचण्यास आरंभ झाला, तेव्हां तिची भूक आवरली आणि वजन उतरूं लागलें.