वेगाचा वर्ग

श्रोतेहो, पहिली मोटार माणूस विसरत नाही. पुढे तीनचार झाल्या तरी पहिलीच्या दाराचा आवाजसुद्धा कानात राहतो.

आमच्याकडे ती आली २००३ साली. पांढरी मारुती आठशे, जुनीच घेतलेली. ही मोटार १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि ७९६ घनसेंटिमीटरच्या लहानशा इंजिनावर तिने मध्यम स्थितीतल्या किती तरी घरांची हौस भागवली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. वडिलांनी हार घातला, आईने चाकाखाली लिंबू ठेवले, आणि किल्ली माझ्या हाती आली. मी तेव्हा एम.ए.ला गणित शिकत होतो. वय बावीस. अंगात वारा शिरायला आणखी काय लागते?

त्याच हिवाळ्यात एका रात्री कराडहून विट्याकडे निघालो होतो. रस्ता मोकळा, काटा ऐंशीवर. समोरून ट्रक आला म्हणून दिव्यांचा झोत खाली केला. ट्रक गेला, आणि दिपलेले डोळे निवतात न निवतात तोच पुढे उसाने भरलेली बैलगाडी! मागे दिवा नाही की काही नाही. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, पण मोटार थांबेना. शेवटी स्टिअरिंग डावीकडे ओढले आणि चारीत जाऊन आदळलो.

गाडीवान धावत आला. आधी त्याने माझे हातपाय चाचपले, मग म्हणाला, "पोरा, बैलांना काय ठावं तुझी घाई?" उसाच्या मोळ्यांवर त्याची बायको लेकराला घेऊन बसली होती, ते मला मागाहून दिसले.

ब्रेक चांगला होता आणि मी तो दाबलाही होता. मग मोटार थांबली का नाही?

थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. डोळ्याला दिसते, मेंदू ओळखतो, पाय ब्रेकवर जातो; यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ११ मीटर पुढे जाते, ८० ची २२ मीटर. हा हिशेब सरळ आहे. दगा देतो तो दुसरा भाग. धावत्या मोटारीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. ती सारी ब्रेकला घर्षणाने उष्णता करून घालवावी लागते. त्यामुळे कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर ४० ची मोटार सुमारे ९ मीटरांत थांबते, तर ८० ची सुमारे ३६ मीटरांत. दोन्ही भाग मिळून एकीला २० मीटर लागतात, दुसरीला ५८. रस्ता ओला असेल तर अंतर आणखी वाढते.

म्हणजे पाहा, जिथे ४० ची मोटार उभी राहिलेली असते, तिथे ८० च्या मोटारीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो! हे वर्गाचे सूत्र मला परीक्षेपुरते पाठ होते; कळले मात्र चारीत बसल्यावर.

शिक्षक बंधुभगिनींनी हे मैदानावर जरूर करून दाखवावे. एक रेघ मारावी, तिथून २० मीटरांवर एक मुलगा उभा करावा आणि ५८ मीटरांवर दुसरा. फळ्यावरच्या आकड्यांपेक्षा ते अंतर मुलांच्या लक्षात राहील.

शेतकरी बांधवांनी गळीत हंगामात बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावावी. ऊस लोंबून ती झाकली जात नाही ना, हेही पाहावे. आणि मोटार चालवणाऱ्या तरुणांनी एवढे धरून चालावे: रात्री दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल, तोच आपला वेग. त्यापुढचा रस्ता आपण न पाहताच चालत असतो, आणि त्यावर कुणाचे तरी लेकरू असू शकते.