चौघी बहिणी रंगमंचावर

लुइझा मे ऑल्कॉट या अमेरिकन लेखिकेची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी १८६८-६९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. मेग, जो, बेथ व एमी या बहिणींच्या वाढत्या वयाची ही कथा शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे मराठी वाचकांच्याही परिचयाची आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवर तिचे संगीत नाटक सादर झाले.

कादंबरीकार पात्राच्या मनातील बदल निवेदनातून सावकाश उलगडतो. संगीत नाटकात हे काम पुष्कळदा गाण्याला करावे लागते. आजारी बेथ आणि जो समुद्रकिनारी पतंग उडवत असतात. आता निरोप घ्यावा लागणार, हे बेथ गाण्यातून शांतपणे सुचवते. धाकट्या बहिणीला धरून ठेवू पाहणाऱ्या जोला ते ऐकावे लागते. प्रेक्षकांना पतंगाकडे पाहतानाच वियोगाची चाहूल लागते.

बेथच्या मृत्यूनंतर आई खचलेल्या जोला धीर देते. आजवर थरारक कथा रचणारी जो अखेर स्वतःच्या घराची गोष्ट लिहू लागते. कादंबरीतील अनेक प्रसंग नाटकात गाळलेले आहेत. परंतु दुःख पचवून माणूस कसा मोठा होतो, हे मूळ सूत्र मात्र अबाधित राहिले आहे.